मालक आणि त्यांची सावकाश मशिनं

मालकांच्या दुकानात येऊन कुणी 'जुना कम्प्युटर आहे, बघता का' असं विचारलं, की मालक चष्मा कपाळावर सरकवत, त्या माणसाकडं एकदा खालून वरपर्यंत बघत आणि म्हणत, "जुनं काय नसतंय हो. सावकाश असतंय. बसा."

त्यातलं 'बसा' महत्त्वाचं. माणूस बसल्याशिवाय मालक त्याच्या मशीनला हात लावत नसत. 'ठेवून जातो, संध्याकाळी येतो' म्हणणारी माणसं तर त्यांच्या डोक्यात जायची. "दवाखान्यात पेशंट टाकून जातंय का कोण? त्याला काय होतंय ते मी सांगू का मग?" असं म्हणून ते मशीन उचलून परत त्या माणसाच्या हातात देत. शाळेचे मुख्याध्यापक, पतसंस्थेचे मॅनेजर, एक दातांचे डॉक्टर, असे बरेच लोक त्यांच्या त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर दोन-दोन तास मुकाट बसलेले मी पाहिलेत. डॉक्टरसाहेबांना तर असं कुणी बसवून ठेवायची सवयच नव्हती. ते सारखे घड्याळ बघत होते. मालकांनी त्यांना हातात धरायला पंखा दिला. म्हणजे मशीनचा पंखा, त्याचे स्क्रू काढून झालेला.

मालक म्हणजे माझ्या दुकानाचे मालक. साखर पेठेत त्यांचा एक लांबुळका गाळा होता. रस्त्याकडचा तुकडा मी भाड्यानं घेतला होता. तिथं माझं टेबल, कम्प्युटर, प्रिंटर आणि 'मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल' अशी पाटी. मागच्या भागात मालक आणि त्यांची मशिनं. मधे भिंत नव्हती, दार नव्हतं, एक चादर टांगलेली होती. तिच्यावर पोपटांची नक्षी होती. आपल्याकडच्या चादरींवर पोपट असतातच, त्यामुळं पहिलं वर्षभर मी ती कधी निरखून पाहिली नाही. मग एका दुपारी वीज गेली, काम बंद पडलं, आणि बघत बसल्यावर लक्षात आलं की त्यातल्या प्रत्येक पोपटाला डोळा दोनदा काढलेला आहे. एक डोळा जिथं असायला हवा तिथं आणि एक जरा खाली, गालावर.

मी हसले. मालक हसले नाहीत. "ते माझं हाय," एवढंच म्हणाले.

मग कळलं की मालक तरुणपणी चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं ठोकायचे. आलेखाच्या कागदावर चौकटी-चौकटीनं काढलेली नक्षी बघायची आणि तिच्या हिशोबानं जाड पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडायची. मग त्या पट्ट्यांची माळ मागावर चढते आणि जिथं भोक तिथला दोरा उचलला जातो. मालकांच्या हातून एकदा चार भोकं जास्तीची पडली. ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत दोन डोळ्यांचे पोपट गावोगावी गेले होते. "माणसानं चुकलं तर एकदा चुकतंय ताई. कार्डात चुकलं की ते चुकतच ऱ्हातंय. चुकलेलं कार्ड फाडून टाकायचं असतंय. मला उशीर झाला." त्यांनी त्यातली एक चादर मागून घेतली आणि रोज येता-जाता डोळ्यासमोर राहील अशी टांगून ठेवली. मला हे जरा अतीच वाटलं. तेव्हाच तसं बोलले असते, पण भाडेकरू होते.

कारखान्यात पुढं डिझाइनसाठी कम्प्युटर आला आणि मालकांचं काम गेलं. आणखी काही वर्षांनी तो कम्प्युटरही भंगारात निघाला. मालकांना ते कळलं तेव्हा ते मोपेड घेऊन गेले आणि तो कम्प्युटर मागं बांधून घरी घेऊन आले. हे ते फार मजेत सांगत. "त्यानं माझं काम घेतलं, मग दुसऱ्यानं त्याचं घेतलं. मी म्हटलं, चल बे, बसू दोघं घरी." तो चालू करायच्या नादात त्यांनी कुठून तरी लिनक्सची एक सीडी मिळवली, मुलीची इंजिनिअरिंगची पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली आणि बायकोच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवसापासून ते घरातून गेले ते गेलेच. मालकीणबाई तेलुगूत बोलायच्या. दुपारी डबा घेऊन आल्या की चादरीच्या अलीकडं उभ्या राहून माझ्याकडं बघत आणि मान मागच्या बाजूला हलवून डोळ्यांनी विचारत, 'आहेत का शुद्धीवर?' मी मान हलवली की डबा आत द्यायच्या.

गिऱ्हाइकांशी बोलताना मालक 'लिनक्स' हा शब्द कधीच वापरत नसत. ते त्याला 'हलकं' म्हणत. "हे जड काढतो, ह्याला हलकं घालतो." आजाऱ्याला काय खायला घालायचं ते डॉक्टरनं सांगावं तसा तो सूर असे. आधी मशीन उघडायचं. कॅबिनेटची पत्र्याची बाजू काढली की आतून कापूस निघायचा. यंत्रमागांच्या पेठांमधून जे तंतू हवेत उडत असतात ते सगळे पंख्यावाटे आत जाऊन बसतात आणि तिथं त्यांची चांगली जाड वाकळ तयार होते. मालक ती रंगाऱ्याच्या ब्रशनं अलगद सोडवत आणि स्टुलावरच्या माणसाच्या तळहातावर ठेवत. "घ्या, तुमचा व्हायरस." निम्मी मशिनं तेवढ्यानंच सुधारत. पण मालक तेवढ्यावर सोडत नसत.

मग ते आत काय काय चालू आहे त्याची यादी पडद्यावर लावत आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मालकाला विचारत, म्हणजे मशीनच्या मालकाला. "हा कोण? ह्याला तुमी बोलवलं होतं का?" बिचाऱ्या माणसाला काय माहीत! "न बोलवता आला, आणि बसून खाऊलालाय बघा. ह्यानं मशीन सावकाश झालं, तुमाला वाटतंय म्हातारं झालं." पडद्यावरच्या खिडक्या उघडताना जी काही सरकासरकी होते, तिच्यावर त्यांचा विशेष राग. खिडकी उघडायची म्हणजे उघडायची, तिनं नाचत कशाला यायचं, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर चित्र ठेवलेलंही त्यांना खपत नसे. माढ्याकडचे एक किराणा दुकानदार अडून बसले होते की पडद्यावर देवाचा फोटो पाहिजेच. मालकांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्यातलं देवाचं पान कापलं आणि मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं लावून दिलं. "देव वर असू द्या. मेमरीत कशाला? तितं आधीच जागा न्हाई." दुकानदारांना ते पटलं, आणि जाताना त्यांनी नमस्कारही केला. तो देवाला होता की मालकांना, ते कळलं नाही.

त्यांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसे, तो कपाळावर असे. डबीत तीन पेनड्राइव्ह असत. एकात हलकं, दुसऱ्यात फार हलकं, आणि तिसऱ्यात जे काय होतं ते फक्त मरायला टेकलेल्या मशीनसाठी. तिसरा वापरायची वेळ आली की ते डोळे मिटून घ्यायचे. तो देवाचं नाव घ्यायचा प्रकार असावा असं मला वाटायचं. नंतर त्यांनीच सांगितलं की ते कमांड आठवत असतात.

पण मालकांची खरी रीत म्हणजे कार्ड. कारखान्यातून आणलेल्या कोऱ्या पट्ट्यांचे गठ्ठे त्यांच्याकडं पडून होते. त्यातली एक पट्टी काढून ते माणसाच्या हातात देत, पेन देत आणि सांगत, "सकाळी मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत काय काय करता ते लिवा. जे लिवाल ते ठेवतो. जे न्हाई लिवलं ते जातंय." माणसं आधी हसायची, मग अडखळायची. लोकांना वाटतं आपण कम्प्युटरवर शंभर कामं करतो. लिहायला बसल्यावर चार निघतात. ते कार्ड मग मालक दोऱ्यानं मशीनला बांधून टाकत, आणि खरोखरच त्यावर नसलेलं सगळं काढून टाकत. एक जीबी मेमरीची, कुणी फुकट नेणार नाही अशी मशिनं मग पुन्हा उभी राहायची. शाळांमध्ये गेली, ग्रामपंचायतींमध्ये गेली, एक तर जेऊरच्या एका पोल्ट्रीवाल्याकडं गेलं. मी मूळची जेऊरची, त्यामुळं मला त्याचं विशेष कौतुक. कोंबड्यांचा हिशोब लिनक्सवर होतो हे मी माहेरी फोन करून सांगितलं होतं.

तर हे सगळं मी चादरीच्या अलीकडून बघत होते, हसत होते, आणि माझा स्वतःचा कम्प्युटर मालकांच्या हातात द्यायचं मात्र टाळत होते. कारण त्याच्यावर माझं घर चालत होतं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता आणि तो कारखाना आठवड्यातून चार दिवस चालला तरी नशीब म्हणायचं. दोन वकील मला नियमित काम पाठवायचे. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, नोटिसा. ते माझ्याकडं येत होते ते एकाच गोष्टीसाठी, माझा हात चालायचा. लग्नाआधी करमाळ्याच्या टायपिंग क्लासमध्ये मी टाइपरायटरवर शिकले होते. समोरचा माणूस बोलायचा थांबला की माझा कागद बाहेर येत असे. मला दुसरं काहीच येत नव्हतं आणि याचा मला अजिबात कमीपणा वाटत नव्हता.

एका मे महिन्यात, पत्रा तापून दुकानाची भट्टी झालेली असताना, माझा कम्प्युटर बसला. चालू व्हायला अर्धा तास लागायचा आणि वकिलांचं पान अर्ध्यात आलं की पडदा निळा. दोन दिवस मी तसंच रेटलं. तिसऱ्या दिवशी मालक चादर बाजूला करून उभे राहिले. "आता तरी बसताव का ताई?"

मी बसले. कार्डावर लिहिलं, 'टायपिंग. प्रिंट. मेल.' तीन शब्द. मालक खूश झाले. "हे खरं कार्ड," म्हणाले, "डॉक्टरनं सतरा ओळी लिवल्या होत्या." माझ्या फाइली त्यांनी एका पेनड्राइव्हवर घेतल्या, मला मोजून दाखवल्या आणि बाकी सगळं पुसलं. प्रिंटरच्या वायरपाशी एक बोटभर ठोकळा लटकत होता, मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणायचे त्याला. तोही काढून टाकला. दुपारपर्यंत मशीन तयार. बटण दाबलं आणि मी पदर सारखा करेपर्यंत चालू झालं. मालकांनी स्वतः एक बटण दाबून दाखवलं, पडद्यावर मराठी अक्षर आलं. "मराठी येतंय की."

येत होतं. पण माझ्या बोटांखाली येत नव्हतं. 'प्रतिज्ञापत्र' लिहायला गेले तर भलतीच अक्षरं उमटली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. 'प' जिथं असतो तिथं दुसरंच कुणी बसलेलं. या नव्या मराठीची बटणं सगळी निराळी होती, सरकारी पद्धतीची, आणि माझा हात टाइपरायटरचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरची बटणं होती. ते सॉफ्टवेअर ह्या हलक्यावर चालत नव्हतं, आणि ते बनवणारे कधीच दुकान बंद करून गेलेले, त्यामुळं पुन्हा जुन्यावर बसवणारंही कुणी नव्हतं. मालक तेलुगू शाळेत शिकलेले. त्यांच्या दृष्टीनं मराठी म्हणजे मराठी. आणि मी कार्डावर 'टायपिंग' लिहिलं. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, हे लिहायचं असतं असं कुणाला सुचेल? आपण चालतो म्हणजे आधी कोणता पाय टाकतो ते कुणी लिहून देतं का?

मी रडले. रागानं रडले. मालकांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुम्ही मशिनाला विचारता, माणसाला विचारत नाही. म्हटलं, माझ्या हाताला आता पहिलीतल्या पोराची किंमत नाही. संध्याकाळी एका वकिलांचा माणूस कागद घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, काम व्हतंय का न्हाय आज? का पलीकडं देऊ?" मी म्हटलं, द्या पलीकडं. ते वकील पुन्हा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर त्यांनी ते डुगडुगणारं स्टूल माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवलेलं आणि स्वतः त्यावर बसलेले. हातात पट्टी आणि पेन्सिल. "मी बसतो आता," म्हणाले. "तुमी लिवा."

कशावर लिहू? तर त्यांनी एक मेलेला कीबोर्ड समोर ठेवला, कशालाही न जोडलेला. "पडद्याकडं बघू नका. तोंडानं म्हणा आणि लिवा." मी 'करमाळा' म्हणायचं आणि बोटं चालवायची. ते बोटांकडं बघत आणि पट्टीवर एकेका चौकटीत अक्षर काढत. मराठी अक्षरं त्यांना वाचता येत, पण काढायची सवय नव्हती. त्यामुळं प्रत्येक अक्षर तेलुगूसारखं गोलगोल यायचं. नऊ दिवस हे चाललं. पहिल्या दिवशी मी घुश्शातच होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मालकांनी नऊ वाजल्यापासून मागच्या मशिनांना एकदाही हात लावलेला नाही. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. दातांचे डॉक्टर पुन्हा काहीतरी घेऊन आले, तर मालकांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

हिंदीवाल्यांसाठी कुणीतरी टाइपरायटरची बटणं हलक्यावर आणायचं काम केलेलं त्यांना नेटवर सापडलं होतं. ते बसवून बघितलं, पण त्याच्याशी माझा हात पुरता जुळेना. मग ते त्यातली एक-एक ओळ माझ्या बोटांप्रमाणं बदलत गेले. रात्री घरी बदलायची, सकाळी माझ्याकडून लिहून घ्यायचं, जिथं बोट अडेल तिथं खूण करायची. मला विचारत, "चूक कुणाची, तुमची का माझी?" मी म्हणे, तुमची. ते मान हलवून खूण करत. एकदा मात्र त्यांनी माझी करंगळी धरली, म्हणजे पेन्सिलीनं अडवली. "हे अक्षर येवढं लांब का? कोपऱ्यात?"

तो 'ळ' होता. बॅकस्पेसच्या शेजारच्या बटणावर. 

"मराठीत असाच असतो," मी म्हटलं. घाईत होते, आणि खरं सांगायचं तर जरा तोऱ्यातही होते. मराठी माझी होती.

"असंल," म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

नवव्या दिवशी दुपारी मी पडद्यावर एक पूर्ण वाटणीपत्र टाइप केलं. बोट एकदाही अडलं नाही. मी थांबल्यावर मालक अजून बोटांकडंच बघत होते, जणू ती पुढं काहीतरी करणार आहेत. उरलेल्या एका वकिलांना मी फोन केला आणि म्हटलं, पाठवा. त्या दिवशी घरी जाताना मी मालकीणबाईंसाठी खव्याची पोळी नेली, कारण मालकांना थेट काही म्हणायची मला लाज वाटत होती. जुन्या फाइलींचं वाचता येईल असं रूपांतर पुढं दोन महिन्यांत झालं, तेही त्यांनीच केलं. पण मला त्याचं तेवढं नव्हतं. फाइली पुन्हा लिहिता आल्या असत्या.

त्यानंतर मालकांनी कार्डाच्या आधी एक रीत वाढवली. आता आलेल्या माणसाला लिहायच्या आधी ते म्हणायचे, "जरा हात दाखवा." लोकांना वाटायचं भविष्य बघतात.

पुढं नवऱ्याला माढ्याकडच्या साखर कारखान्यात काम लागलं आणि आम्ही साखर पेठ सोडली. निघताना मालकांनी मला एक पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाले, कुठंही गेलात तरी हे घालून घ्या, हात तुमचा तुमच्याबरोबर ऱ्हाईल. पण माढ्यात मी एका ऑफिसात लागले आणि ऑफिसात कुणी असलं काही घालू देत नाही. तिथं टाइपरायटर पद्धतीचं दुसरं सॉफ्टवेअर होतं. हात जवळजवळ सगळा जुळला. फक्त ळ. कोपऱ्यात गेले तर तिथं भलतंच चिन्ह. ळ आपला दुसरीकडंच, सगळ्यांमध्ये.

तेव्हा आठवलं. माझ्या जुन्या कम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाच्या हातून काय झालं होतं कोण जाणे, ळ त्याच्या जागी उमटत नव्हता. त्यानं तो उचलून कोपऱ्यातल्या रिकाम्या बटणावर नेऊन ठेवला आणि 'चालवून घ्या' म्हणाला. मी चालवून घेतलं. आठवड्याभरात माझी करंगळी आपोआप कोपऱ्यात जायला लागली, आणि वर्षभरात मी विसरूनच गेले की तो कधी दुसरीकडं होता. मालकांनी विचारलं तेव्हा मी इतक्या खात्रीनं सांगितलं की त्यांनी ते तसंच उतरवून घेतलं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण म्हटलं, माझ्यापुरतीच तर चूक आहे.

गेल्या वर्षी माढ्याजवळच्या एका गावात वाचनालयाची सभासद व्हायला गेले. एकच खोली, दोन कपाटं, आणि टेबलावर एक मशीन. कॅबिनेटला दोऱ्यानं पट्टी बांधलेली होती. मॉनिटरच्या बाजूला आणखी एक पट्टी होती, तिच्यावर बटणांच्या चौकटी आणि त्यात मराठी अक्षरं. गोलगोल. मी जागच्या जागी उभी राहिले. मालकांनी माझा हात पेनड्राइव्हात घालून गावोगावच्या मशिनांना वाटला होता आणि मला सांगितलंही नव्हतं.

टेबलामागं विशीतली एक मुलगी बसली होती, तिथली ग्रंथपाल. "नाव सांगा की ताई," म्हणाली. मी नाव सांगितलं. गाव सांगितलं, जेऊर, तालुका करमाळा. ती माझ्याकडं बघत होती, बटणांकडं नाही. ळ आला आणि तिची करंगळी सरळ कोपऱ्यात गेली, बॅकस्पेसच्या शेजारी, जरासुद्धा न थांबता. माझी जायची तशीच. जाताना बाजूचं बोट थोडं वर उचललं जातं, तेसुद्धा.

मला इतकं भरून आलं की मी खुर्ची ओढून बसले. एकदा माझ्या हाताची किंमत गेली म्हणून मी रडले होते, आणि इथं एक अनोळखी पोर माझाच हात घेऊन कामाला बसली होती.

"टायपिंग कुठं शिकलीस गं?"

"हितंच. ह्याच्यावरच. त्या कागदावर बघून."

"ळ लांब नाही का पडत?"

"तितंच असतोय की तो," ती म्हणाली. "तुमी कुटं बघितला होता?"

बाहेर येऊन मालकांना फोन लावला. मागं काहीतरी घरघरत होतं, म्हणजे दुकानातच होते. मी सगळं सांगितलं. तो सॉफ्टवेअरवाला, कोपऱ्यातलं बटण, मी तोऱ्यात दिलेलं उत्तर, आणि ही मुलगी. मला मालकांचा स्वभाव माहीत होता. वाटलं, आता हा माणूस मोपेडला किक मारून तालुक्या-तालुक्यातून हिंडणार आणि सगळ्या मशिनांतला ळ काढून जागेवर बसवून येणार.

"किती ठिकाणी गेलंय ते?" मी विचारलं.

"लई ठिकाणी." मग त्यांनीच विचारलं, "ती पोरगी अडती का तितं? ळ आला की?"

"नाही."

"बघून लिवती?"

"न बघता. माझ्याकडं बघत लिहीत होती."

"तिला काय बोललाव का तुमी?"

"नाही बोलले."

"मग बोलू नका, ताई," मालक म्हणाले. "एकदा तुमचा चालता हात थांबवला मी. आता परत कुणाचा न्हाई थांबवायचा."